समुद्राखालचा काळा पाषाण

दारव्ह्याहून समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. इथल्या माणसाचा समुद्राशी संबंध मुंबईला गेल्यावर चौपाटीवर चक्कर मारण्यापुरता, किंवा जुन्या काळात कापसापुरता. शकुंतला रेल्वेने दारव्हा-मोतीबागहून निघालेला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईच्या गोदीत उतरायचा आणि जहाजाने इंग्लंडच्या गिरण्यांकडे जायचा. आता ते रूळही रिकामे आहेत. मग अरबी समुद्राच्या तळाखाली काय गाडलं गेलंय याची उठाठेव दारव्ह्याने का करावी, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे.

त्याचं उत्तर अडाण नदीच्या रेतीत आहे. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून कोरड्या रेतीतून फिरवलं तर काळ्या बारीक कणांनी ते माखून जातं. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका चुंबकीय ऑक्साइडचे. त्यात थोडं टायटॅनियम मिसळलेलं असतं. ते आले आपल्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून. वावरातली काळी माती, घराच्या पायातला दगड, रस्त्यावरची गिट्टी आणि बोअरच्या तोंडातून उडणारी करडी भुकटी, सगळं त्याच लाव्ह्याचं. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरांवर थर असा पसरत गेला. आज त्याने व्यापलेला मुलूख सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. मूळचा पसारा याहून कितीतरी मोठा होता, आणि त्यातला बराचसा भाग आज समुद्राखाली आहे.

या चादरीची पूर्वेकडची किनार आपल्याच जिल्ह्यात पाहता येते. दारव्ह्यात जिथे खणाल तिथे काळा पाषाण लागतो. वणीकडे जाऊ लागलं की तो विरत जातो, आणि त्याच्याखालचं जुनं जग उघडं पडतं. राजूरच्या चुनाभट्ट्यांना लागणारा चुनखडक आणि वणी पट्ट्यातला कोळसा हे दोन्ही लाव्ह्याच्या कितीतरी आधीचे. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडीजवळ बेसाल्टचे उभे खांब आहेत, तेही याच लाव्ह्याच्या निवण्यातून झालेले. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात ही चादर उचलून खाली डोकावायची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. पश्चिमेला ती सोय नाही. सह्याद्रीत थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पनवेलजवळ हे थर समुद्राच्या दिशेने वाकतात आणि पाण्याखाली जातात. पुढे ते कुठवर गेले, कुठे फाटले, फाटल्यावर दुसरा तुकडा कुठे गेला, हे जमिनीवर उभं राहून कळत नाही.

समुद्रतळाखाली पाहण्याची नेहमीची पद्धत ध्वनिलहरींची. जहाजावरून हवेचा दणका पाण्यात सोडायचा आणि तळाखालच्या थरांवरून परतणारे पडसाद टिपायचे. गाळाच्या खडकांत ही पद्धत फार चांगली चालते. काळ्या पाषाणाशी गाठ पडली की मात्र तिची पंचाईत होते. लाव्ह्याचे थर, त्यांच्यामधले गेरूचे पट्टे, पोकळ्या आणि भेगा यांत लहरी विखुरतात, आणि पाषाणाखालचं चित्र धूसर होऊन जातं. भारतातल्या तेलशोधकांना या अडचणीने अनेक दशकं छळलं आहे. चुंबकीय सर्वेक्षणाची वाट वेगळी. पाणी आणि गाळ चुंबकीय दृष्ट्या जवळजवळ नसल्यातच जमा, त्यामुळे उपकरण थेट त्यांच्याखालच्या चुंबकीय खडकाची खबर देतं. ही खबर अर्धवट असते आणि बऱ्याचदा दोन अर्थांची असते. सगळी गंमत आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

या शास्त्राचं महाराष्ट्रातलं मूळ घर कुलाबा. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तिथे वेधशाळा उभी केली आणि १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने जगभरच्या तारयंत्रांना हादरे दिले. त्या वेळी कुलाब्याच्या उपकरणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे क्षेत्राची तीव्रता मोजण्याचं एकक) घसरण टिपली. इतक्या कमी अक्षांशावरून त्या वादळाची इतकी मोलाची नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते, म्हणून आजचे सौरवादळांचे अभ्यासकही तो जुना कागद बाहेर काढतात.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्रामचा घाट घातला गेला. रुळांतून वाहणारी वीज उपकरणांना चक्रावून टाकणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी नवी जागा निवडली अलिबागची. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका एकमेकींना जोडता यावी. अलिबागच्या इमारतीसाठी पोरबंदरचा अचुंबकीय वालुकाश्म निवडून आणला, कारण कोकणातला काळा पाषाण वापरला असता तर भिंतींनीच सुईला ओढलं असतं. १९०७ साली ट्राम धावली तेव्हा वेधशाळा तिच्या तावडीतून सुटलेली होती. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदींचं विश्लेषण १९१० साली छापलं. विकास आणि विज्ञान यांच्यात आपल्याकडे इतक्या समजुतीने तडजोड झाल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. १९७१ मध्ये ही परंपरा स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आली. तिचं मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे.

समुद्रावरच्या मोजणीशी अलिबागचा संबंध काय? फार जवळचा आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभर एकसारखं राहत नाही. सूर्य वर चढतो तसे आकाशातल्या आयनांबरातले विद्युतप्रवाह वाढतात आणि जमिनीवरची मोजणी काही दहा नॅनोटेस्लांनी वरखाली होते. सौरवादळाच्या दिवशी हीच हालचाल शेकड्यांत जाते. कोकण किनाऱ्यावर क्षेत्राची एकूण तीव्रता ४३ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास, आणि तळाखालच्या खडकाची खूण त्यात कधी दहा-वीसची, कधी काही शेकड्यांची. जहाज सकाळी एका रेषेवर गेलं आणि दुपारी शेजारच्या रेषेवरून परतलं, तर दोन आकड्यांतला फरक खडकाचा की उन्हाचा? हे ठरवायला किनाऱ्यावर एका जागी बसून सतत मोजणारं उपकरण लागतं. त्याची नोंद जहाजाच्या नोंदीतून वजा करायची. वादळाच्या दिवसाची मोजणी सरळ टाकून द्यायची. मग पृथ्वीच्या गाभ्यातून येणाऱ्या क्षेत्राचं जागतिक गणिती प्रारूप वजा करायचं. आडव्या आणि उभ्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही वेळचे आकडे जुळतात का ते तपासायचं. एवढी वजाबाकी झाल्यावर जे उरतं ते खडकाचं.

मोजणारं उपकरण मात्र साधं आहे. जहाज स्वतः लोखंडाचं, त्यामुळे ते जवळ असून चालत नाही. जहाजाच्या लांबीच्या दोन-तीन पट केबल सोडून तिच्या टोकाला एक बंद नळकांडं ओढत न्यायचं. खलाशी त्याला मासा म्हणतात. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरच्या जुन्या माशाच्या पोटात केरोसीनसारखा हायड्रोजनने भरलेला द्रव असतो आणि भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला वळतात. वीज तोडली की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलू लागतात, आणि त्यांच्या डुलण्याची गती क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरते. ४३ हजार नॅनोटेस्ला म्हणजे सेकंदाला सुमारे १८३० डुलण्या. माणसाच्या कानाला सहज ऐकू येईल इतक्याच पट्टीचा हा सूर आहे. पॅकार्ड आणि व्हेरियन यांनी ही युक्ती १९५४ साली जाहीर केली. आताची सिझियमची उपकरणं याहून चपळ आणि बारीक मोजणारी आहेत, पण तत्त्वाने फार लांब गेलेली नाहीत.

समुद्रातल्या चुंबकीय मोजणीची गरज आधी लढाईला पडली. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टर व्हॅकियर यांनी विकसित केलेलं उपकरण विमानातून पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकायला वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर तीच विद्या समुद्रतळाकडे वळली. १९५५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापुढे मेसन आणि रॅफ यांच्या मोजणीत कमी-जास्त तीव्रतेचे लांबच लांब पट्टे दिसले, आणि त्यांचा अर्थ लागेना. तो अर्थ लावणाऱ्या पुराव्यातला एक महत्त्वाचा तुकडा आपल्या अरबी समुद्राच्या बाजूचा आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत फारसं सांगत नाहीत. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६२ साली ब्रिटिश नौदलाच्या एचएमएस ओवेन या जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर मोजणी केली. तिथले काही समुद्रडोंगर आजच्या क्षेत्राच्या नेमके उलटे चुंबकलेले आढळले. केंब्रिजमध्ये फ्रेड व्हाइन यांच्यासह त्यांनी १९६३ मध्ये मांडणी केली: रांगेच्या माथ्यावर नवा खडक सतत तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकतो, आणि तयार होताना पृथ्वीच्या क्षेत्राची त्या वेळची दिशा गोठवून ठेवतो. पृथ्वीचं क्षेत्र अधूनमधून उलटतं, म्हणून पट्टे. लॉरेन्स मॉर्ली यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचलं होतं. या एका कल्पनेने खंडांच्या सरकण्याच्या जुन्या सिद्धान्ताला भक्कम पाया मिळाला.

गोठवून ठेवण्याची ही क्षमता दारव्ह्याच्या पाषाणातही आहे. लाव्हा निवत ५८० अंश सेल्सियसच्या खाली आला की मॅग्नेटाइट चुंबकतं आणि त्या क्षणीची दिशा धरून बसतं. १९५० च्या दशकात लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनच्या पाषाणात गोठलेली दिशा मोजली. उत्तर चक्रावणारं होतं. हा लाव्हा पसरला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिसाव्या अक्षांशाच्या आसपास होता. शिवाय लाव्ह्याचा मोठा भाग पृथ्वीचं क्षेत्र उलटं असतानाच्या काळातला निघाला. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत दिशा पुन्हा सुलट होते.

समुद्रातल्या आकड्यांचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरली तर हमखास फसगत होते. साध्या समजुतीप्रमाणे चुंबकीय खडक असेल तिथे आकडा वाढायला हवा. पण कन्याकुमारीजवळ पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ आडवं आहे, कोकणात ते क्षितिजाखाली २५ ते ३० अंश कललेलं. एवढ्या कमी कलामुळे एकाच खडकाच्या दक्षिणेला आकड्यांचा उंचवटा दिसतो आणि उत्तरेला खड्डा, आणि खडक असतो त्या दोन्हींच्या मध्ये. उंचवट्याखाली छिद्र पाडायला गेलात तर खडक चुकतो. खडक उलट्या काळातला असेल तर त्याची गोठलेली दिशा आजच्या क्षेत्राने दिलेल्या दिशेशी भांडते आणि नकाशाचं रूपच बदलतं. त्यात कोकणची आणखी एक अडचण. इथल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती, ज्यांना डाइक म्हणतात, बहुतेक उत्तर-दक्षिण धावतात. क्षेत्राचा जोरदार आडवा घटकही उत्तर-दक्षिणच आहे, म्हणजे भिंतीच्या लांबीबरोबर. तो अशा भिंतीला ओळखच देत नाही. भिंत दिसते ती दुबळ्या उभ्या घटकामुळे आणि तिच्यात आधीच गोठलेल्या चुंबकत्वामुळे. म्हणून इथे जहाजं पूर्व-पश्चिम रेषांवर फिरवावी लागतात आणि लहानशी खूणही वाया घालवून चालत नाही.

खोलीचा अंदाज खुणेच्या रुंदीवरून बांधतात. खडक उथळ असेल तर खूण अणकुचीदार, खोल असेल तर पसरट. यासाठी गणिताच्या चांगल्या पद्धती आहेत आणि संगणक त्या झटक्यात करतो. पण पसरट खूण खोलवरच्या लहान, जोरकस चुंबकाची असू शकते, तशीच उथळ, रुंद आणि दुबळ्या थराचीही. आकडे दोघांनाही तितकेच जुळतात. यातलं एक उत्तर निवडायला दुसरा साक्षीदार लागतो. मुंबईच्या बाबतीत तो साक्षीदार गुरुत्वाकर्षणाचा. किनाऱ्यावर गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आहे, आणि १९६६ साली एम. ताकिन यांनी त्याचा अर्थ लावताना मुंबईच्या खालीच जड खडकाचा मोठा साठा आहे असं मांडलं. किनाऱ्यावरचा खडकही साक्ष देतो. मढ-मालाड भागात बेसाल्टपेक्षा वेगळे, फिकट ज्वालामुखीय खडक आहेत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब आहेत, आणि पनवेलच्या वाकाशी समांतर वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे आहेत. सगळ्यांचा सूर एकच: किनारा ही फाटलेल्या कडेची खूण आहे, आणि फाटताना इथे खालून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला.

तेल शोधणाऱ्यांना या सगळ्यात रस होता तो वेगळ्या कारणाने. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि त्यावर काही ठिकाणी गाळाचे कित्येक किलोमीटर जाडीचे थर साचले आहेत. गाळ किती जाड आहे हे ठरतं त्याच्या खालचा कठीण पाया किती खोल आहे यावरून, आणि त्या पायाची खोली चुंबकीय मोजणीतून स्वस्तात आणि लवकर कळते. मुंबई हाय या तेलक्षेत्राची रचना प्रत्यक्षात १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या ध्वनिलहरींनीच दाखवली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्री रिगच्या विहिरीला तेल लागलं. तिथलं तेल मुख्यतः चुनखडकात आहे. त्याच्याखालच्या पायात काही ठिकाणी ग्रॅनाइट, काही ठिकाणी दख्खनचाच बेसाल्ट. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून लांब समुद्रात, तेलाच्या थराखाली आडवा पडला आहे.

किनाऱ्याजवळ हीच विद्या आणखी एका कामाला आली. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची. तिच्या एच. एन. सिद्दीकी, राजमाणिक्कम आणि आल्मेडा यांनी १९७९ साली रत्नागिरीसमोरच्या उपसागरांतल्या काळ्या वाळूचा अहवाल मांडला. कोकणातल्या बेसाल्ट आणि जांभ्याची झीज होऊन इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट नद्यांनी समुद्रात आणलेलं, ते काळबादेवी, मिऱ्या अशा उपसागरांत साठलेलं. इल्मेनाइटला टायटॅनियमसाठी किंमत आहे, पण ते स्वतः फारच दुबळं चुंबकीय. सुई हलते ती सोबतच्या मॅग्नेटाइटमुळे. एक मोजायचं आणि दुसऱ्याचा साठा समजायचा, असा हा व्यवहार आहे, आणि दोघांचं प्रमाण जागोजाग बदलतं. वाळूचे नमुने काढल्याशिवाय इथे कोणाचाही हिशेब खरा होत नाही. शिवाय या वाळूच्या खाली पुन्हा बेसाल्टच असतो, त्याची स्वतःची खूण वेगळी.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणच्या नद्या तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या पुष्कळ पुढे वाहत होत्या. त्यांची खोरी आज गाळाने भरलेली आहेत. मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली एक आख्खं बुडालेलं जंगल सापडलं, झाडं उभी असलेल्या जागीच. गाडलेला किनारा म्हणताना सगळंच कोट्यवधी वर्षांचं असतं असं नाही. आणि मुंबईच्या बंदरात आज चुंबकीय मोजणी करायची तर जुन्या बोटी, साखळदंड, पाइप आणि जेट्टींचं लोखंड इतकं आहे की खडकाचा आवाज त्यात बुडून जातो.

आता मुख्य वादाकडे येऊ. मुंबईच्या पश्चिमेला खोल समुद्रात लक्ष्मी नावाची पाण्याखालची रांग आहे, आणि रांग व किनारा यांच्यामध्ये लक्ष्मी खोरं. खोऱ्यात तीन समुद्रडोंगर आहेत, त्यांना नावं दिली आहेत रामन, पणिक्कर आणि वाडिया. एक पदार्थवैज्ञानिक, एक राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक, एक भूवैज्ञानिक. गवेषणी हे त्या संस्थेचं संशोधन जहाज १९७६ चं. गाळ वाहून नेणाऱ्या बार्जमध्ये फेरफार करून ते बनवलं होतं. सागर कन्या आली १९८३ ला. अशा जहाजांवर वर्षानुवर्षं साठलेल्या रेषांवरून जी. सी. भट्टाचार्य, ए. के. चौबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लिहिलं की लक्ष्मी खोऱ्यात मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे चुंबकीय पट्टे आहेत, म्हणजे तिथे एकेकाळी समुद्रतळ पसरत होता, आणि म्हणून खोऱ्याचा तळ सागरी कवचाचा आहे.

दुसऱ्या गटाला हे पटलं नाही. के. एस. कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उलट मांडलं: खोऱ्याखाली ताणून पातळ झालेलं खंडाचंच कवच आहे, त्यात लाव्हा घुसला, आणि पट्ट्यांसारख्या दिसणाऱ्या खुणा त्या घुसलेल्या लाव्ह्याच्या आहेत. आकडे बहुतांशी तेच. गंमत अशी की कृष्णा यांचं नाव १९९४ च्या लेखाच्या लेखकांतही आहे. त्यांना मत बदलावंसं वाटलं आणि त्यांनी ते छापलं, हे मला या साऱ्या वादातलं सर्वांत उमदं वाटतं.

हा वाद पांडित्यापुरता नाही. खोऱ्याखाली खंडाचं कवच असेल तर भारताची खरी कड लक्ष्मी रांगेच्या पश्चिमेला सरकते, आणि सेशेल्स बेटं भारतापासून नेमकी कुठून तुटली याचं चित्र बदलतं. सेशेल्सच्या माहे बेटावर ७५ कोटी वर्षांचं ग्रॅनाइट आहे, तर सिल्युएट आणि नॉर्थ या बेटांवर सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे ज्वालामुखीय खडक, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या लगेच मागून आलेले. आपल्या चादरीचा पश्चिमेचा तुकडा तिकडे आफ्रिकेच्या बाजूला जाऊन बसला आहे, यावर बहुतेकांचं एकमत आहे. फाटण्याची रेषा कुठे, यावर नाही.

२०१५ साली जॉयडेस रिझोल्युशन हे संशोधन जहाज भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटर आणि त्याहून पुढे लक्ष्मी खोऱ्यात आलं. मोहीम क्रमांक ३५५. तिचे सहप्रमुख पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्या तेव्हाच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. साडेतीन किलोमीटर पाणी, आणि त्याखाली गाळ. एका जागी अकराशे मीटरच्या पुढे छिद्र गेलं तरी पाया लागला नाही. वाटेत सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी सौराष्ट्राच्या बाजूने कोसळलेल्या एका प्रचंड दरडीचा ढिगारा होता. तिला आता नटराज म्हणतात. दुसऱ्या जागी तळाखाली सुमारे १०९२ मीटरवर बेसाल्ट लागला, आणि त्याची जेमतेम सोळा मीटर लांबी कापून झाल्यावर काम थांबवावं लागलं.

सोळा मीटर खडकावरून खोऱ्याचा निकाल लागला का? नाही. त्या बेसाल्टच्या रासायनिक घडणीवरून पांडे आणि सहकाऱ्यांनी तिसरंच काही सुचवलं, की तिथे एक सागरी भूपट्ट दुसऱ्याखाली खचू लागल्याच्या खुणा आहेत. इतरांनी ते नाकारलं. आपापला अर्थ धरून बसलेले गट आजही आहेत. माझा कल, कोणी विचारलाच तर, सागरी कवचाच्या बाजूने आहे, कारण खोऱ्यातल्या पट्ट्यांची दोन्हीकडची जुळणी मला निव्वळ योगायोगाची वाटत नाही. पण पैज मी लावणार नाही. ज्या जहाजाने ते छिद्र पाडलं, ते जॉयडेस रिझोल्युशन २०२४ मध्ये आपली शेवटची वैज्ञानिक मोहीम करून सेवेतून गेलं. तसं दुसरं छिद्र तिथे कोण आणि कधी पाडणार हे ठरलेलं नाही.

हे सगळं वाचून दारव्ह्याच्या वाचकाला वाटेल की बिचाऱ्या समुद्रवाल्यांची मोठी अडचण आहे. अडचण त्यांची एकट्याची नाही. १९७३ साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाकर्षणाच्या आकड्यांवरून दख्खनच्या लाव्ह्याखाली कोयना आणि कुर्डुवाडी भागात गाडलेल्या खचदऱ्या आहेत असं मांडलं होतं. तिथेही खरं-खोटं छिद्रांनीच ठरणार होतं. किल्लारीला भूकंपानंतर खोदलेल्या विहिरीत ३३८ मीटरवर लाव्हा संपला आणि त्याखाली जुना खडक लागला. कोयनेच्या एका विहिरीत तो ९३२ मीटरपर्यंत निघाला. इतक्या मोठ्या मुलखात असे भरवशाचे आकडे थोडे आहेत, आणि चुंबकीय नकाशा काढणारा प्रत्येक जण त्याच मोजक्या विहिरींना धरून बसतो.

आणि आपल्या तालुक्यात दर उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या येतात. कोणाच्या वावरात दोनशे फूट, कोणाच्या चारशे. बोअरवाल्याला भुकटीच्या रंगावरून बरोबर कळतं: इथे मुरूम संपला, इथे काळा लागला, इथे लाल गेरू आला, इथे पोकळ दगड, इथे पाणी. पाणी लागलं तर पेढे वाटतात, नाही लागलं तर पाणाड्याला शिव्या. दोन्ही वेळा त्या रंगांचा क्रम बहुधा कुठेच लिहिला जात नाही. गाडी गेली, केसिंगवर झाकण बसलं, की ती माहिती गेली. समुद्रात सोळा मीटर बेसाल्टसाठी एक आख्खं जहाज साडेतीन किलोमीटर पाण्यावर उभं राहतं, आणि आपण शंभर मीटर बेसाल्टची माहिती धुळीबरोबर उडवून देतो.

लाल गेरूचे थर म्हणजे दोन लाव्ह्यांमधला विसावा, आणि ते शेजारच्या बोअरशी जुळतात की नाही यावरून पाषाणात कुठे भेग आहे, कुठे भिंत उभी आहे, पाणी कुठे अडलं आहे, हे कळू शकतं. त्यासाठी चुंबकीय उपकरण नसलं तरी चालतं. म्हणून दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी भागात या वर्षी ज्यांच्याकडे बोअर पडेल त्यांना विनंती: दर दहा फुटांची भुकटी मूठभर वेगळ्या पिशवीत भरा, पिशवीवर फूट आणि तारीख लिहा, मोबाइलवर जागेचं ठिकाण टिपून घ्या, आणि पिशव्यांसह ही नोंद यवतमाळच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात नेऊन द्या. बोअरला पाणी लागलं नसेल तरी द्या. कोरड्या बोअरची नोंदही तितकीच उपयोगाची असते.